वृद्धाश्रमात आबाळ होत असेल तर: ओळखायचं कसं, करायचं काय

आई किंवा वडिलांना पहिल्यांदाच वृद्धाश्रमात ठेवलेल्या नागपूरच्या कुटुंबांसाठी हे लिहिते आहे. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला. त्रिमूर्तीनगरच्या नाहीतर मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये एकटं राहणारं माणूस एक दिवस बाथरूममध्ये पडतं. खुब्याचं ऑपरेशन होतं, चोवीस तासांची बाई दोन महिन्यांत सोडून जाते आणि मग वर्धा रोड, हिंगणा रोड किंवा कोराडीच्या बाजूची एखादी संस्था शोधली जाते. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. घरी एकट्यानं पडून राहण्यापेक्षा चांगल्या आश्रमात राहणं कितीतरी बरं असतं. मात्र ठेवल्यानंतरही लक्ष तुम्हालाच ठेवायचं आहे. ते कसं ठेवायचं, हे दाखल करताना कोणी सांगत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, संस्थांमधल्या कर्मचाऱ्यांनाच विचारलं तेव्हा तीनपैकी दोघांनी गेल्या वर्षभरात आपल्या हातून रहिवाशांशी गैरवर्तन घडल्याचं सांगितलं. यातले बहुतेक जण मुळात दुष्ट नसतात. रात्रपाळीला एकच मावशी, अंथरुणाला खिळलेली माणसं अनेक, पगार तुटपुंजा, शिकवलेलं काही नाही. तिथून आबाळ सुरू होते आणि कोणी पाहत नसेल तर हात उगारण्यापर्यंत जाते. म्हणून जागा पाहायला जाल तेव्हा बागेचं आणि भजनाच्या हॉलचं कौतुक नंतर करा. आधी विचारा, रात्री दहा ते सकाळी सहा माणसं किती असतात आणि त्यांतल्या किती जणांना उठवावं-बसवावं लागणाऱ्या माणसाची सवय आहे.

पहिली पायरी: ही जागा कोणत्या कायद्यात बसते ते माहीत करून घ्या

हे कंटाळवाणं वाटेल, पण पुढे तक्रार कुठे जाईल ते यावर ठरतं. आपल्याकडे तीन प्रकारच्या जागा सरसकट एकाच नावानं ओळखल्या जातात. एक, सार्वजनिक न्यासानं चालवलेला वृद्धाश्रम. त्याची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते आणि सरकारी अनुदान असेल तर समाजकल्याण विभागाची तपासणीही असते. दोन, महिन्याला पैसे घेऊन चालणारं खासगी केअर सेंटर. ते एखाद्या कंपनीचं असतं किंवा एकट्या मालकाचं. तीन, धंतोली-रामदासपेठेत दिसतात तशी नर्सिंग होम. ही खरं तर छोटी रुग्णालयं. त्यांना 1949 च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते आणि शहरात ती महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे होते. काही केअर सेंटरं सलाईन लावतात, नळ्या घालतात, जखमांची ड्रेसिंग करतात, पण नोंदणी मात्र साध्या निवासाची दाखवतात. असं दिसलं की तिथेच थांबा आणि नोंदणीचा कागद मागा. चांगली संस्था तो भिंतीवर लावून ठेवते.

दाखल करताना ज्या करारावर सही करता, त्याची प्रत घेऊनच बाहेर पडा. त्यात महिन्याच्या रकमेत काय काय येतं, डिपॉझिट परत कधी मिळेल, तब्येत बिघडली तर कोणत्या दवाखान्यात नेणार आणि तुम्हाला किती वेळात कळवणार, हे लिहिलेलं असायला हवं. ‘काहीही झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’ असं वाक्य जवळपास प्रत्येक करारात असतं. त्यावर सही केली म्हणून मारहाण किंवा उपासमार माफ होत नाही.

दुसरी पायरी: पहिल्या दिवसाची स्थिती लिहून ठेवा

मला विचाराल तर हेच सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि तेच सगळ्यात जास्त राहून जातं. सहा महिन्यांनी ‘आई खूप खराब झाली’ असं तुम्ही म्हणता. व्यवस्थापक म्हणतात, ‘आल्या तेव्हाच अशा होत्या.’ तुमच्याकडे काही नसलं तर वाद तिथेच संपतो.

म्हणून दाखल करण्याच्या दिवशी वजन करा आणि आकडा लिहा. पाठ, माकडहाड, दोन्ही खुबे आणि टाचा पाहा. अंगावर आधीचा डाग, वळ किंवा जखम असेल तर फोटो काढा. चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. कवळी, चष्मा, कानातलं यंत्र, वॉकर, मंगळसूत्र, पाटल्या, मोबाईल, एटीएम कार्ड यांची यादी करून त्यावर संस्थेची सही घ्या. दागिने शक्यतो देऊच नका. आई हातानं जेवते का, संडासला स्वतः जाते का, नातवंडांची नावं सांगते का, हे चार ओळींत लिहा. पुढचा प्रत्येक बदल तुम्ही याच कागदाशी ताडून पाहणार आहात.

तिसरी पायरी: भेटीची वेळ ठरलेली नको

रविवारी सकाळी अकराला सगळे आश्रम स्वच्छ असतात. फिनाईलचा वास, पांढऱ्या चादरी, केस विंचरलेल्या आज्या. त्या वेळेला जरूर जा, पण कधी दुपारच्या जेवणाच्या वेळी जा, कधी संध्याकाळी सातनंतर, कधी आठवड्याच्या मधल्या वारी. सणाच्या दिवसांत तर नक्की जा. पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी या दिवसांत कामाची माणसं गावी जातात. भंडारा-गोंदियाकडच्या मावश्या धानाच्या रोवणीलाही जातात. माणसं कमी असतात तेव्हाच ती संस्था खरी कशी चालते ते दिसतं. कुठलीही पूर्वसूचना न देता भेटू द्यायला संस्था दर वेळी नकार देत असेल, किंवा तुमच्यासोबत सतत कोणीतरी उभं राहत असेल, तर तेवढंच काळजीला पुरेसं कारण आहे.

व्हिडिओ कॉलवर विसंबू नका. फोन दुसऱ्याच्या हातात असतो, चेहरा तेवढा दिसतो, आणि आई जे बोलते ते फोन धरणाऱ्यासमोर बोलते. परदेशात असाल तर नागपुरातली एखादी मावसबहीण, जुनी शेजारीण किंवा वडिलांचे ऑफिसातले मित्र यांना महिन्यातून दोनदा जाण्याची विनंती करा. त्यांचं नाव संस्थेच्या नोंदवहीत आधीच घालून ठेवा, म्हणजे दारावर अडवणूक होत नाही.

भेटीत काय पाहायचं? खोलीत शिरताच लघवीचा शिळा वास येतो का. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे की टेबलावर लांब. बोलावण्याची घंटा वाजते का. स्वतः दाबून पाहा आणि कोण किती वेळानं येतं ते बघा. नखं, जीभ, कानामागची त्वचा, केसांची मुळं. चष्मा आणि कवळी जागेवर आहेत का. कवळी महिनाभरापूर्वी हरवली आणि कोणी सांगितलंच नाही, असं पुष्कळदा होतं. मग माणूस पोळी सोडतं, वरणभातावर येतं, नुसत्या चहावर येतं. आपण मात्र समजतो की वयानं भूक गेली.

चौथी पायरी: खुणा ओळखा

शय्याव्रणापासून सुरुवात करते, कारण आबाळीचा इतका उघड पुरावा दुसरा नाही. एकाच कुशीवर पडून राहिल्यानं हाडावरची त्वचा दबते, रक्त पोचत नाही आणि मांस मरायला लागतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. सुरुवातीला माकडहाडावर, टाचेवर किंवा खुब्यावर लालसर डाग येतो आणि बोटानं दाबला तरी तो फिका होत नाही. सावळ्या अंगावर लाली दिसतच नाही. तिथे जागा जांभळट, गरम किंवा कडक लागते, म्हणून हात लावून पाहावं लागतं. या टप्प्यावर कूस बदलणं, कोरडं ठेवणं आणि हवेची गादी यानं ते बरं होऊ शकतं. पुढे कातडी फाटते, खड्डा पडतो, पू होतो. शेवटच्या आजारात उत्तम काळजी घेऊनही कधी कधी शय्याव्रण होतं, हे मान्य आहे. पण तुम्ही पाहीपर्यंत हाड दिसू लागलं आणि संस्थेनं तोवर तुम्हाला एक फोनही केला नाही, याला मात्र कुठलंच स्पष्टीकरण चालणार नाही. त्यामुळे प्रत्येक भेटीत मावशींना विनंती करून एकदा पाठ पाहाच. ‘आत्ताच पुसलंय, उठवू नका’ असं सांगितलं तर थांबा आणि पुढच्या वेळी कूस बदलताना पाहा.

दुसरी गोष्ट पाणी, आणि नागपुरात ती जिवाशी खेळते. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. वयानुसार तहान लागण्याची जाणीव कमी होते, घामही कमी येतो, त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असली तर शरीर आणखी लवकर सुकतं. काही ठिकाणी डायपर वारंवार बदलावे लागू नयेत म्हणून संध्याकाळनंतर पाणी मुद्दाम कमी दिलं जातं. हे कोणी लिहून ठेवत नाही, पण रहिवासी सांगतात. कोरडी, चिरलेली जीभ, खोल गेलेले डोळे, गडद पिवळी लघवी आणि दोन दिवसांत अचानक सुरू झालेली बडबड किंवा गोंधळ, या खुणा दिसल्या तर ‘म्हातारपणाचा भ्रम’ म्हणून सोडू नका. पाणी कमी पडणं, लघवीचा संसर्ग, गोळीची मात्रा चुकणं, यांपैकी काहीही असू शकतं आणि त्याच दिवशी डॉक्टर हवा. अंग तापलेलं असून माणूस बरळत असेल तर उष्माघात समजून ताबडतोब हालचाल करा. उन्हाळ्यापूर्वी एवढं विचारून घ्या: कूलर प्रत्येक खोलीत आहे का, त्यात पाणी कोण भरतं, वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं, आणि वरच्या मजल्यावर पत्रा आहे का.

वजन महिन्यातून एकदा करायला सांगा. पन्नास किलोच्या माणसाचं महिन्याभरात अडीच किलो उतरलं तर कारण शोधलंच पाहिजे.

वळ आणि जखमा यांत घाई करू नका. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना पलंगाच्या कडेचा धक्काही काळानिळा डाग देतो. धडपडून लागलेलं साधारणपणे हातापायांवर दिसतं. चेहरा, मान, कान, छाती, दंडाची आतली बाजू, किंवा दोन्ही मनगटांवर सारखे पट्टे असतील तर धरलं, बांधलं किंवा मारलं असण्याचा संशय घ्या. नुसत्या रंगावरून डाग किती दिवसांचा ते ठरत नाही, म्हणून कोणी ‘जुना आहे’ म्हटलं तरी फोटो काढाच. जखमेइतकंच लक्ष सांगितलेल्या कारणाकडे द्या. सकाळची मावशी म्हणते बाथरूममध्ये पडल्या, संध्याकाळची म्हणते पलंगावरून, आणि नोंदवहीत काहीच नाही, असं असेल तर ते लिहून घ्या.

पलंगाला बांधणं हा विषय वेगळा सांगायला हवा, कारण ‘पडू नयेत म्हणून बांधतो’ हे इतकं सहज सांगितलं जातं की मुलंही मान डोलावतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, मनोरुग्णांसाठीच्या नोंदणीकृत रुग्णालयातसुद्धा तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच आणि मनोविकारतज्ज्ञाच्या मंजुरीनं बांधता येतं. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून कधीच नाही. रुग्णालयाला जिथे इतकी बंधनं आहेत, तिथे वृद्धाश्रमातल्या मावशीनं ओढणीनं हात बांधणं कसं चालेल?

गोळ्यांनी गप्प बसवणं हेही बांधणंच आहे. दुपारी चारला जाल आणि आई डोळे उघडत नसेल, तोंडातून लाळ गळत असेल, चालणारं माणूस महिन्याभरात खुर्चीला लागलं असेल, तर चालू गोळ्यांची यादी मागा आणि पहिल्या दिवसाच्या यादीशी लावून पाहा. झोपेची किंवा चित्त शांत करणारी नवी गोळी दिसली, तर कोणत्या डॉक्टरांनी, कधी, कशासाठी लिहिली ते विचारा. चिठ्ठी नसेल तर प्रकरण गंभीर आहे.

पैशांचं सोपं आहे, पण लक्षात उशिरा येतं. पेन्शनचं खातं, एटीएमचा पिन, कोऱ्या कागदावर अंगठा, अचानक बदललेलं वारसपत्र, दर महिन्याला वाढत जाणारं ‘औषधांचं’ बिल. रेल्वे, वेकोलि, आयुध निर्माणी, एजी ऑफिस अशा ठिकाणांहून निवृत्त झालेली पुष्कळ माणसं नागपुरात आहेत. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देताना बँकेत सोबत कोण गेलं आणि कशावर सही झाली ते जरूर विचारा. मोबाईलवर बँकेचे संदेश तुमच्याकडे येतील अशी सोय करा.

मनाचा छळ डोळ्यांना दिसत नाही. ‘ए म्हातारे’ म्हणून हाक मारणं, सगळ्यांसमोर कपडे बदलणं, ‘तुझ्या पोरानं टाकलं तुला’ असं ऐकवणं. एखादी मावशी खोलीत येताच आजींचं बोलणं थांबतं, मान खाली जाते. हे दिसलं की लक्षात ठेवा. लैंगिक अत्याचार वृद्धांवरही होतात, अंथरुणाला खिळलेल्या आणि स्मृतिभ्रंश झालेल्या बायकांवरही. मांड्यांवर वळ, रक्ताळलेले कपडे, आंघोळ घालताना अचानक वाटू लागलेली भीती असं काही आढळलं तर आंघोळ घालू नका, कपडे धुवू नका. कपडे कागदी पिशवीत ठेवा आणि थेट मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात न्या. अशा वेळी कुठल्याही रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत.

पाचवी पायरी: विचारा, पण एकट्यानं आणि नेमकं

‘आई, इथे बरं आहे ना?’ याचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं. त्यामागे बऱ्याचदा भीती असते. एक आजी मुलीला म्हणाल्या होत्या, ‘तू काही म्हणू नको बाप्पा त्याईले. तू जाशील, मग मलाच राहावं लागते इथं.’ तक्रार केल्यावर सूड उगवला जाईल ही भीती अगदी खरी असते. पुढचा प्रत्येक निर्णय ती लक्षात ठेवूनच घ्या.

बाहेर व्हरांड्यात किंवा अंगणात घेऊन जा. छोटं, साधं विचारा. काल रात्री जेवायला काय होतं? रात्री संडासला जायचं असलं तर कोणाला हाक मारतेस? ती व्यक्ती काय म्हणते? आंघोळ कोण घालतं, पाणी गरम असतं का? उत्तर आलं की गप्प बसा, लगेच चिडू नका. तुमचा राग पाहून ती पुढचं सांगणारच नाही. स्मृतिभ्रंश असेल तर ‘माझी साडी चोरली’ असं रोज ऐकू येऊ शकतं आणि ते खरं नसेलही. पण तेच माणूस, तीच जागा, तीच भीती पुन्हा पुन्हा बोलण्यात येत असेल, तर आजाराचं नाव देऊन ते झटकू नका. शेजारच्या पलंगावरच्या काकूंशीही बोला. त्या स्वतःबद्दल सांगणार नाहीत, दुसरीबद्दल मात्र सांगतात.

सहावी पायरी: नोंद ठेवा

एक साधी वही पुरते. तारीख, वेळ, काय पाहिलं, कोण काय म्हणालं, त्यांच्याच शब्दांत. तुमचा अंदाज वेगळ्या ओळीत लिहा. फोटो काढताना एक जवळून आणि एक चेहऱ्यासह लांबून काढा. मूळ फाईल ज्या फोनमध्ये आहे तो फोन आणि ती फाईल जपा, कारण 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीवर शंका घेतली जाते. दुसऱ्या रहिवाशांचे, त्यातही कपडे बदलतानाचे, फोटो-व्हिडिओ चुकूनही काढू नका. छुपा कॅमेरा चार जणींच्या खोलीत लावणं म्हणजे बाकीच्या तिघींवर अन्याय, आणि तुमच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. कुटुंबाच्या ग्रुपवर किंवा फेसबुकवर टाकण्याची घाईही नको. त्यानं संस्था सावध होते, वह्या बदलतात आणि आई अजून तिथेच असते.

सातवी पायरी: आधी माणूस हलवा, मग कागद

जिवाला धोका असेल, म्हणजे शुद्ध हरपते आहे, रक्त जातं आहे, हाड मोडल्यासारखं वाटतं, व्रणाला दुर्गंधी येऊन ताप चढला आहे, तर कोणाशीही वाद घालू नका. 108 वर रुग्णवाहिका बोलवा, अडवलं तर 112. ‘बिल भरल्याशिवाय नेता येणार नाही’ असं म्हणून माणसाला रोखून धरणं बेकायदेशीर आहे. ते अन्यायानं डांबून ठेवण्याच्या गुन्ह्यात बसू शकतं. रुग्णालयात अपघात विभागातल्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा: ‘मारहाणीचा किंवा आबाळीचा संशय आहे, एमएलसी (पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय-कायदेशीर नोंद) नोंदवा.’ जखमेची जागा, मापं, वजन, शरीरातलं पाणी कमी झालं असेल तर तेही केसपेपरवर लिहून मागा. पुढे सगळं या कागदावर उभं राहतं.

धोका तातडीचा नसेल पण संशय पक्का असेल, तर संस्थेला न दुखवता ‘आठ दिवस घरी नेतो, नातीचा वाढदिवस आहे’ असं काहीतरी सांगून आधी बाहेर काढा. अशा वेळी खोटं बोलायला मला अजिबात संकोच वाटत नाही. माणूस तिथेच ठेवून तक्रार करणं म्हणजे त्याला रोज त्याच हातांच्या स्वाधीन करणं. निघताना गोळ्यांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे रिपोर्ट, पावत्या, आधारकार्ड, पासबुक सोबत घ्या.

आणि बाब लहान असेल, म्हणजे चहा थंड मिळतो, कपडे बदलून येतात, एखादी मावशी तुसडी बोलते, तर व्यवस्थापकांशी नीट बोला आणि त्याच दिवशी तेच मुद्दे ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. बऱ्याच गोष्टी एवढ्यानं सुधारतात. हेळसांड सांगितल्यावर एका मावशीला काढून टाकून विषय संपवला जात असेल, तर विचारा की रात्री तिच्या जागी आता किती जणी आहेत.

आठवी पायरी: तक्रार कुठे

सुरुवात 14567 या ‘एल्डरलाइन’ क्रमांकावरून करा. सकाळी आठ ते रात्री आठ, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या छळाच्या बाबतीत मार्गदर्शन आणि गरजेप्रमाणे प्रत्यक्ष मदत, दोन्ही त्यांच्या कामात येतात.

पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. संस्था ग्रामीण हद्दीत आणि तुम्ही शहरात असाल तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. नोंदवून घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना किंवा शहरात आयुक्तालयाला टपालानं पाठवा, तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. एक कलम फार कमी लोकांना माहीत आहे. भारतीय न्याय संहितेच्या अगदी शेवटी, कलम 357. आजारपणामुळे किंवा अशक्तपणामुळे असहाय असलेल्या माणसाची देखभाल करण्याचा करार करून जाणूनबुजून ती न करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा गुन्हा अदखलपात्र आहे, त्यामुळे पोलीस आपणहून तपास सुरू करणार नाहीत, पण अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा. तुमच्या करारनाम्याची प्रत इथे उपयोगी पडते.

न्यासाची संस्था असेल तर नागपूरच्या सह धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करा. गैरकारभार करणाऱ्या विश्वस्तांना दूर करण्याचा अधिकार त्यांना आहे. अनुदानित असेल तर दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात समाजकल्याण कार्यालयात तक्रार द्या. तिथल्या तपासणीचे अहवाल माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. जागा पसंत करण्यापूर्वीच असा अर्ज केला तर फार उत्तम. नर्सिंग होम असेल तर महापालिकेचा आरोग्य विभाग. अर्धांगवायू किंवा इतर दिव्यांगत्व असलेल्या माणसाचा छळ होत असेल, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 7 खाली कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं.

पैसे भरून घेतलेली सेवा असेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग मला सगळ्यात व्यवहार्य वाटतो. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि 2019 च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही ती करता येते. म्हणजे पैसे भरणारी मुलगी पुण्यात असेल तर तिला प्रत्येक तारखेला नागपूरला यायला नको. तब्येतीचं नुकसान, पुढच्या उपचारांचा खर्च आणि अडकवलेलं डिपॉझिट, सगळं एकाच तक्रारीत मागता येतं.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याबद्दल गैरसमज फार आहेत. उपविभागीय अधिकाऱ्यांसमोर चालणारं न्यायाधिकरण मुख्यतः मुलांकडून आणि वारसांकडून निर्वाह मिळवून देण्यासाठी आहे. संस्थेनं केलेल्या आबाळीची भरपाई तिथे मागायला जाऊ नका, वेळ जाईल. मात्र त्याच कायद्याचं कलम 24 पाहून ठेवा: ज्याच्याकडे ज्येष्ठाची काळजी सोपवलेली आहे, त्यानं त्याला कायमचं टाकून देण्याच्या हेतूनं कुठे सोडलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होतात. पैसे थकले म्हणून आजीला मेयोच्या दारात सोडून गेलेल्या संस्थेलाही हे कलम लावून धरता येईल, आणि आश्रमात ठेवून फोन नंबर बदलणाऱ्या मुलालाही.

वकील परवडत नसेल तर सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. तक्रार आईच्या नावानं केली तर हा हक्क तिचा असतो.

आईच नको म्हणाली तर

असं बऱ्याचदा होतं. तिथे मैत्रिणी झालेल्या असतात, देवघराजवळचा कोपरा तिचा झालेला असतो, आणि मुलीच्या दोन खोल्यांच्या घरात अडगळ होण्याची धास्ती असते. जिवाला धोका नसेल आणि तिचं भान शाबूत असेल, तर शेवटचा शब्द तिचा. तिच्या पाठीमागे निर्णय घेतलात तर पुढच्या वेळी ती तुम्हाला काही सांगणार नाही. अशा वेळी मधली वाट काढा. त्या मावशीची पाळी बदलून घ्या, खोली दर्शनी भागात मागा, दर आठवड्याला वजन लिहायला सांगा, रात्रीसाठी स्वतःची एक बाई ठेवता येते का पाहा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तिलाच विचारा. दरम्यान दुसरी जागा शोधून ठेवा, म्हणजे तिनं ‘चल’ म्हटलं की शोधाशोध करावी लागणार नाही.

तिला हलवल्यानंतरही तक्रार मागे घेऊ नका. संस्था डिपॉझिट पूर्ण परत देते आणि ‘विषय मिटवू’ म्हणते, तेव्हा पैसे घ्या, पण तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी विधी सेवा प्राधिकरणातल्या वकिलांना दाखवा. तुमच्या आईच्या शेजारच्या पलंगावर अशी कोणीतरी होती, जिला भेटायला कोणीच येत नाही. तिच्याबद्दल जे पाहिलं तेही अर्जात लिहा: कोणता मजला, कोणती खोली, कितवा पलंग, काय दिसलं. 14567 वर फोन करायला ती तुमची नातेवाईक असावी लागत नाही.